नुसती मनाली

अंबरनाथ (पूर्व)
१३ जानेवारी २०२५

आ. गंगूताईस,
स. जय भीम, वि. वि.

पत्र बघून हसशील. अंबरनाथच्या पुढचं स्टेशन बदलापूर, आणि हा भाऊ पत्र लिहितो! पण फोनवर तू मला दोन वाक्यं धड बोलू देत नाहीस. रामभाऊ विहाराच्या कामाने तुमच्याकडे येतच असतात, त्यांच्या हाती देतोय.

घरी ठीक. तुझ्या भावजयीचा, मायाचा खोकला उतरला. माझी सकाळची पाळी लागल्यापासून बुद्धवंदना घाईत होते, त्याची रुखरुख वाटते.

आता मुद्द्याचं. तुमच्या विहाराची महिला समिती आणि कुळगावच्या जुन्या शेतकरी घरांची संस्था, दोघांनी मिळून तरुण मुलांसाठी रविवारचा मार्गदर्शन वर्ग काढला. तुझ्या शब्दावर चि. मनालीला तिथे धाडलं. काल ती घरी आली तेव्हा ड्रेसवर नावाची चिठ्ठी तशीच होती. त्यावर नुसतं मनाली. ओव्हाळ कुठे गेलं विचारलं, तर म्हणाली की तिथे आडनाव लिहायचंच नाही, सगळे सारखे वाटावेत म्हणून तसा नियम आहे.

ताई, मला हे खटकलं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली ती ताठ मानेने नाव सांगता यावं म्हणून. आता ही मंडळी गोड बोलून तेच नाव घरी ठेवून या म्हणतात. ज्यांच्या मनात काही नाही, त्यांना माझ्या मुलीच्या आडनावाची अडचण का व्हावी? तिच्या मार्गदर्शक अंजनीबाई त्या संस्थेच्याच. मागे आमच्याकडे येऊन गेल्या. ॲसिडिटी आहे म्हणून चहा नको म्हणाल्या आणि पाणी पर्समधल्या बाटलीतलं प्यायल्या. मायाला त्यात काही वाटलं नाही. मला वाटलं.

पुढच्या महिन्यात मनालीची औषध कंपनीच्या लॅबमध्ये मुलाखत आहे. मागच्या मुलाखतीत तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, आणि बाईंची सगळी नोकरी तशाच कंपनीत गेली. तिला त्यांची गरज आहे, हे कळतं. तरी तिला वर्गातून काढावं असं मनात आहे. हा नियम कोणाच्या डोक्यातून निघाला, तेवढं शोधून कळव.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
महेंद्र


कुळगाव, बदलापूर
१६ जानेवारी २०२५

चि. महेंद्रास,
गंगूचा जय भीम आणि आशीर्वाद.

रामभाऊ उत्तर घेऊनच जातो म्हणून बसून राहिलेत. तुझ्यापायी त्यांना दोनदा चहा झाला.

शोधून कळव म्हणतोस. लांब जायला नको, तो नियम माझा.

पहिल्या रविवारी चिठ्ठ्यांवर पूर्ण नावं होती. मनाली तेव्हा येत नव्हती. मार्गदर्शकांनी शिकवायला एकेक मूल निवडायचं होतं. कोणी वाकडं बोललं नाही रे. हसत होते, मुलांच्या पाठीवर हात ठेवत होते. पण चिठ्ठी वाचायची, जरा थांबायचं आणि पुढच्याकडे वळायचं. शेवटी भिंतीशी उभी राहिली ती सगळी आपली. त्यात आमच्या गल्लीतली किर्ती होती, कॉलेजात पहिली आलेली. ती परत आलीच नाही. मी घरी गेले तर आतल्या खोलीतून बाहेर येईना.

मग बैठकीत मी हट्ट धरला की आडनावं काढा, नाहीतर विहार बाहेर पडेल. ते म्हणाले, ताई तुम्ही आमच्यावर संशय घेताय. मी म्हटलं, हो, घेतेय. पुढच्या रविवारी नुसत्या नावांच्या चिठ्ठ्या होत्या आणि अंजनीबाईंनी मनालीला निवडलं.

त्यांच्या बाटलीचं मला विचारू नकोस. मीही ती बघितली आहे. पोटाचं दुखणं असेल, नसेलही. तुमच्या घरी त्यांनी ओळखलंही असेल, तरी आडनाव उघड सांगायचं तर मनालीने सांगावं, तू मध्ये तोंड घालू नकोस. पण सांगितल्यावर बाई तिला शिकवतीलच, अशी खात्री मी देणार नाही.

माझा लोभ तोच आहे, भांडण मात्र भेटीसाठी राखून ठेव.

तुझी,
गंगूताई


अंबरनाथ (पूर्व)
२० जानेवारी २०२५

आ. गंगूताईस,
स. जय भीम, वि. वि.

नियम तुझाच निघाला, त्यावर काय बोलणार! तुझं पत्र मनालीला वाचायला दिलं. वाचून म्हणाली, मी आडनाव लिहिते, पण पप्पा, तुम्ही हॉलच्या दारात थांबायचं आणि एक शब्द काढायचा नाही.

काल तसाच थांबलो. तू आत खुर्च्या लावत होतीस, म्हणून हे तुला दिसलं नसेल. मनालीने चिठ्ठीवर मनाली ओव्हाळ लिहिलं आणि अंजनीबाईंसमोर बसली. बाईंनी वाचलं, जरा थांबल्या. तू लिहिलं होतंस तेच थांबणं. मग त्यांनी विचारलं, कुठले तुम्ही?

हा प्रश्न मी ओळखतो. विचारणाऱ्याला गाव नको असतं. मनालीने खाली बघत सांगितलं, मूळचे मुरबाडकडचे, आता अंबरनाथला, बौद्ध आहोत. बाई म्हणाल्या की मुलाखतीत हे कोणीतरी असंच सहज विचारील, तेव्हा तुझा आवाज आत्ता पडला तसा पडता कामा नये. पुन्हा सांग. तिच्याकडून पुन्हापुन्हा म्हणवून घेतलं, आवाज सरळ होईपर्यंत.

ताई, त्या आधीपासून शिकवत होत्या, की प्रश्न तोंडून निसटला आणि मग सावरल्या, ते मला कळलं नाही. घरी येऊन बुद्धरूपासमोर बसलो, तिथेही कळलं नाही. पण मुलगी जाईल. मुलाखतीपर्यंत तर जाईलच.

स्टेशनला परतताना शेअर रिक्षात आणखी दोघं होते. मनालीला मस्करी सुचली. बाईंच्या आवाजात मलाच विचारलं, कुठले तुम्ही? मी मुरबाड म्हणालो, अंबरनाथ म्हणालो, आणि पुढचं शेजारच्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोललो. तिने माझ्याकडे पाहिलं. हसली नाही. म्हणाली, पप्पा, आवाज पडला. पुन्हा सांगा.

मी सांगितलं. रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं.

किर्तीकडे पुन्हा जाशील तेव्हा मनालीला बरोबर ने. तुझा लोभ आम्हा तिघांवर असाच असू दे.

तुझा,
महेंद्र