आयझिरेकचा पहिला नंबर

१८ मे

आई,

तुमच्या थोरल्या सुनेचा वाकून सलाम. गुडघा काय म्हणतो? बिश्केकला भाऊजींकडचे चार मजले चढून-उतरून तो बरा होईल असं भाऊजी म्हणतात, पण भाऊजींचं ऐकून आजवर कुणाचं भलं झालंय! माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र टॅक्सीवाल्याच्या हाती देतेय. सोबत कणकेचे बोरसोक तळून दिलेत. ते तरी परत पाठवू नका.

शाळेचं वर्ष छान गेलं. तुम्ही गेलात तेव्हा नुसत्या भिंती उभ्या होत्या. नंतर सगळा गाव पुन्हा अशारला, मिळून फुकट काम करायला, आला, कुणी खिळे घेऊन, कुणी मेंढा, कुणी नुसती जीभ घेऊन. पहिल्या बर्फाच्या आत छप्पर चढलं. लोहारकाकांनी लोखंडी चूल फुकट करून दिली. ती धूर फार करते म्हटलं, तर म्हणाले, "मास्तरीणबाई, फुकटच्या चुलीला धूर नसतो. तो माझा आशीर्वाद आहे!" मुलं खोकत खोकत शिकली, पण शिकली. मुळाक्षरांच्या सणाला पहिलीच्या अकराही जणांनी धडाधड वाचून दाखवलं. बायकांनी वाचनाच्या खोलीत बसायला लोकरीचे नमदे शिवले. तुमचा तांबडा नमदा तिथेच घातलाय, न विचारता. रागवायचं असेल तर समोर येऊन रागवा.

आणि आपल्या आयझिरेकचा निबंध जिल्ह्यात पहिला आला! चौथीतल्या पोरीचा! विषय होता 'आमच्या घरातला एक शब्द'. तिने मला दाखवलाच नव्हता. बक्षिसाच्या दिवशी तिने तो मोठ्याने वाचला आणि मी सगळ्यांसमोर रडले. खालच्या ओळी तिच्याकडूनच लिहून घेतल्यात, कारण त्यातला एक शब्द मला लिहवत नाही.

"माझ्या आजोबांच्या नावात दगड आहे. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून आई दगडाला टणक म्हणते. आजीने मला लहानपणीच सांगितलं होतं, आई टणक म्हणाली की दगड समजायचं. शाळा बांधताना ट्रॉलीतून मोठा दगड घरंगळला. मी पाठमोरी होते. आई ओरडली, टणक, टणक! बाकीचे नुसते बघत राहिले. मला एकटीलाच कळलं. मी उडी मारली. म्हणून फक्त पाय मोडला."

आई, सात महिने मी उलटंच धरून बसले होते. माझ्या तोंडून सरळ शब्द निघाला नाही म्हणून पोरीचा पाय मोडला, असंच मला वाटत होतं. खरं तर मी माझ्यावरच चिडले होते. पण माझ्यावर चिडायला कुठली हिंमत, म्हणून तुमच्यावर. "तुमच्या जुन्या रीतींनी माझ्या पोरीचा पाय मोडला, आता समाधान झालं?" असं मी तुम्हाला बोलले.  तुम्ही हातातली पिठाची परात खाली ठेवलीत आणि दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या गाडीत बसलात.

पाय आता ठणठणीत आहे. पोरगी घोड्यावर बसते आणि माझं ऐकत नाही, म्हणजे बरीच म्हणायची.

हे काही विचारत नाहीत. पण जेवताना तुमच्या जागेवर कुणाला बसू देत नाहीत.

पंचवीस तारखेला शाळेत वर्षअखेरची 'शेवटची घंटा' आहे. शाळेला मामंजींचं नाव द्यायचं गावाने ठरवलंय. चाळीस वर्षं त्यांनी इथे शिकवलं, दुसऱ्या कुणाचं देणार? पाटी रंगवून झालीय, वर चादर टाकलीय. लोहारकाका मला चिडवतात, "बाई, समारंभात नाव कोण घेणार? सासू घेईना, सून घेईना!" आयझिरेक घेईल. चादर मात्र तुम्ही काढायची.

माफी मी इथे मागत नाहीये, आई. ते शब्द मी अख्ख्या अशारसमोर बोलले होते, तीस-चाळीस माणसांच्या देखत. कागदावर गुपचूप माफी मागितली तर ती चोरून मागितल्यासारखी होईल. त्याच माणसांसमोर, त्याच अंगणात मला तुमचे पाय धरायचे आहेत. तुम्ही आला नाहीत, तर गावात माझे तेवढेच शब्द राहतील.

तोंडाची फटकळ, पण तुमचीच,
बुरुल