तेवीस पतंगमाद्यांच्या लग्नाबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
कपाशी कीड संशोधन योजना,
अहमदनगर.

अर्जदार : छबूबाई भ्रतार सहादेव दुशिंग, वय अंदाजे पन्नास, रोजंदारी मजूर (सध्या कमी केलेली), रा. मौजे आंबेदरा, ता. राहुरी.

विषय : तेवीस मादी पतंगांची लग्ने लावल्याच्या आरोपावरून गेलेली सावलीतली जागा परत मिळणेबाबत.

संदर्भ : आंबेदरा उपकेंद्राची नोटीस, दिनांक २४ नोव्हेंबर १९७३.

महोदय,

१. नोटिशीत असे म्हटले आहे की, अर्जदाराने सदर लग्ने "स्वतःच्या लाभासाठी" लावली. तरी लाभाचाच विचार आधी करू. तेवीस लग्ने लावून अर्जदारास मिळावयाचे ते तेवीस जावई. पैकी एकही दिवाळसणाला येण्यासारखा नव्हता. अंगाने गव्हाच्या दाण्याएवढे, नावावर शेती नाही, आणि आयुष्य म्हणावे तर फार तर पुढच्या बाजारापर्यंत. अर्जदारास कोणी मानाचे लुगडे नेसवले नाही. लाभाची म्हणून तिच्याकडे जी चीजवस्तू होती, ती लग्नांच्या आधीपासूनच होती : उपकेंद्राच्या ओसरीवरची सावली, तीत अंथरलेले एक गोणपाट आणि दुपारचा अर्धा कप चहा. लग्ने लागली आणि तिन्ही गेली. असा लाभ कोणी मुद्दाम करून घेत नसतो.

२. मागल्या दुष्काळात अर्जदाराने वर्षभर खडी फोडली, त्यात उजवा गुडघा कामातून गेला. खुरपायला बसता येत नाही. नजर मात्र शाबूत आहे. म्हणून उपकेंद्राचे डॉ. राधाकृष्ण सबनीस साहेब यांनी तिला कोष निवडायचे काम दिले आणि सोबतच्या मजूर रतनबाईला पतंग डब्यांत भरायचे. बोंडअळीचा कोष तांदळाएवढा. भिंगाखाली शेपटाकडची खूण पाहायची, नर एका पेटीत, मादी दुसऱ्या पेटीत. त्यातही मुळा नदीकाठचे कोष निराळे आणि नेवाशाकडचे निराळे ठेवायचे. कोषातून मादी पतंग बाहेर आली की तिला जाळीच्या डबीत घालून पत्र्याच्या डब्यात टांगायची, डब्याला आतून चिकट डिंक फासायचा आणि डबा कपाशीत ठेवायचा. असे डबे चोवीस. अंधार पडला की मादी आपल्या अंगच्या वासाने नराला बोलावते, नर येतो आणि चिकटतो. सकाळी पहारेकरी चांदभाई ते मोजून वहीत लिहितो. अट एकच, ती साहेबांनी खडूने दारावर लिहिली होती : "मादीस नराचा वारा लागता कामा नये."

३. या अटीबद्दल बायकांच्या मनात पहिल्या दिवसापासून खटकत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. रतनबाईने साहेबांना समक्ष विचारले होते, "हिच्या हाकंला आलेला चिकाटतो, ते कळलं. पर हिचं काय?" साहेब म्हणाले, "हिचं काही नाही. आठवड्यानं दुसरी टांगायची." त्यावर रतनबाई उद्गारली, "म्हंजी स्थळं रोज येत्यात, अन् जमत एकबी न्हाई!" साहेब हसले. रतनबाईच्या थोरलीचे दोन वर्षे जमत नसल्यामुळे ती हसली नाही.

४. कार्तिक शुद्ध द्वादशीस आपण स्वतः तपासणीसाठी आंबेदऱ्यास आला होता. त्या सायंकाळी उपकेंद्राच्या अंगणात तुळशीचे लग्न लागले. भटजी न आल्याने मंगलाष्टके आपणच म्हटलीत, आणि ती चांगली म्हटलीत. अंतरपाटाला कापड नव्हते, म्हणून दिव्यावर पतंग धरायचा कार्यालयाचा पांढरा पडदा घेतला. त्याचे एक टोक सबनीस साहेबांनी धरले, दुसरे चांदभाईने. नंतर ऊस खाताना आपण सर्वांस उद्देशून म्हणालात, "आजपासून मुहूर्त मोकळे झाले. आता लग्नाची पोरगी कुणी घरात ठेवायची नाही." रतनबाईने विचारले, "अन् हापिसातल्या वो, साहेब?" आपल्या तोंडात ऊस होता. तो काढून आपण म्हणालात, "हापिसातल्यासुद्धा!" सगळे हसले, आपणही हसलात. परंतु हसत दिलेला हुकूम पाळू नये, असा नियम अर्जदारास आजतागायत कोणी वाचून दाखवलेला नाही. सबनीस साहेबांची अट खडूची होती. आपला शब्द त्यांच्या वरच्या साहेबाचा होता. कोणता मोठा, हे मजुराने ठरवायचे नसते.

५. दुसऱ्या दिवशी डबे भरायचे होते. अर्जदार व रतनबाई यांनी प्रत्येक मादीच्या डबीत एक नर सोडला. हे काम घाईगर्दीने केलेले नाही. एका ठिकाणचे सगळे भाऊबहीण, हे ध्यानात ठेवून मुळाकाठच्या वधूस नेवाशाचा वर आणि नेवाशाच्या वधूस मुळाकाठचा, अशी नाती जुळवली. चांदभाईचे अक्षर चांगले, म्हणून त्याच्याकडून वही लिहवून घेतली : डबी कितवी, वधू कुठली, वर कुठला. हळदीचे बोट लावायचा रतनबाईचा आग्रह होता, पण पंख चिकटतील म्हणून अर्जदाराने तो मोडून काढला. यावरून अर्जदारास शासकीय सामग्रीची काळजी होती, हे दिसून यावे.

तेवीस जमली. सात नंबरची मादी नेवाशाची निघाली, आणि उरलेला नरही नेवाशाचाच. चांदभाई म्हणाला, "मावशी, पाखरं हायेत. कोन बघतंय?" अर्जदाराने सांगितले, "आमच्यात मामाची पोरगी चालती, चांदभाई. सख्खी बहीण न्हाई चालत." सबब सात नंबर तशीच राहिली.

६. पुढचे आपणास अहवालावरून ठाऊक आहे, पण अहवालात जे नाही तेवढे सांगते. दुसऱ्या सकाळी तेवीस डब्यांत मिळून नर चार. सात नंबरच्या एकट्या डब्यात एकसष्ट. साहेबांनी निष्कर्ष काढला की, सात नंबरचा डबा बिघडला आहे. तो सोड्याने घासवला. दुसऱ्या दिवशी अठ्ठावन्न. डबा उचलून पार ओढ्याच्या बांधाला नेला. चौसष्ट. साहेबांनी वाऱ्याची दिशा बघायला बांबूला धोतराची चिंधी बांधली, डिंक बदलला, आणि चांदभाईला मोजता येते की नाही हे पाहण्यासाठी त्याच्याकडून हरभरे मोजवले. चांदभाईचे हरभरे बरोबर आले.

साहेबांना दोन दिवस जेवण जाईना, हे पाहून चौथ्या दिवशी अर्जदार आपणहून म्हणाली, "साहेब, डब्यात काय बी बिघाड न्हाई. त्या तेवीस जनींची लग्नं झाल्याती. सात नंबर तेवढी कुवार हाय. लगीन झालेली बाई बांधावर हुबी ऱ्हाऊन परक्याला हाक मारंल व्हय?"

साहेबांनी लग्नाची वही मागितली, ती घेऊन खोलीत गेले आणि दिवे लागेपर्यंत लिहीत बसले. त्या दिवशी अर्जदारास चहा पूर्ण कप मिळाला. तो शेवटचा.

७. दिनांक २४ रोजी एकाच टपालाने दोन कागद निघाले. पहिला कागद म्हणजे उपरोक्त नोटीस : अर्जदाराने "अनधिकृत समागम घडवून प्रयोगाची नासाडी केली", सबब कमी करण्यात येत आहे. दुसरा कागद म्हणजे साहेबांचा अहवाल : मीलन झालेली मादी नरास बोलावीत नाही, हे "नियोजित प्रयोगाने" सिद्ध झाले असून, त्यात मादी क्रमांक सात ही "तुलनेसाठी हेतुपुरस्सर अविवाहित ठेवण्यात आली होती". साहेब तो अहवाल वाचायला पुढच्या महिन्यात बंगलोरला जाणार आहेत. दोन्ही कागदांवर मंजुरीची सही आपलीच आहे, आणि ती दोन्हीकडे सारखीच ठसठशीत आहे.

अर्जदाराचे म्हणणे असे की, तीच डबी, तीच मादी, तोच नर. एका कागदात ती नासाडी आणि दुसऱ्यात तोच प्रयोग कसा? नासाडी असेल तर साहेबांनी बंगलोरला काय न्यायचे? प्रयोग असेल तर अर्जदाराने घरी का बसायचे? आणि सात नंबर हेतुपुरस्सर ठेवली नव्हती. स्थळ जुळले नव्हते. हे बंगलोरच्या मंडळींना कळावे, असा अर्जदाराचा आग्रह नाही. आपणास कळावे, एवढाच आहे.

८. अर्जदाराच्या जागी, त्याच गोणपाटावर, सध्या जी बाई बसवली आहे तिच्याविरुद्ध काही सांगायचे नाही. माणूस म्हणून चांगली आहे. परंतु तिला भिंग कोणत्या डोळ्याला लावायचे हे ठरवता येत नाही, आणि रतनबाईने दाखवायचे म्हटले तर खूण रतनबाईलाच दिसत नाही. परिणामी गेल्या सोमवारपासून चोवीसपैकी एकोणीस डब्यांत नर टांगलेले आहेत. नराला टांगून नराची वाट पाहणे चालू आहे. डबे रिकामे येतात, आणि साहेब वहीत "तालुक्यातील कीड नाहीशी झाली" असे लिहीत आहेत. हे चांदभाईने अर्जदाराच्या घरी येऊन सांगितले, कारण साहेबांना सांगितले असते तर त्याला पुन्हा हरभरे मोजावे लागले असते. बंगलोरच्या लोकांनी सात नंबरचा प्रयोग पुन्हा करून दाखवा म्हटले, तर कुवार मादी निवडून देणारे माणूस आंबेदऱ्यात एकच आहे, आणि ते सध्या स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर गुडघा शेकत बसले आहे.

९. सबब विनंती की, नोटीस आणि अहवाल यांपैकी कोणता तरी एक कागद मागे घ्यावा. कोणता, हे आपण ठरवावे. अहवाल ठेवलात तर अर्जदाराची हरकत नाही; गोणपाट तेवढे परत द्यावे. पुढे आपल्या लेखी हुकुमाशिवाय ती कोणाचेही लग्न लावणार नाही. तुळशीचेसुद्धा.

१०. शेवटी, या मंगलकार्यात कोणाला काय मिळाले आणि कोणी भरले, ते पाहावे. तेवीस माद्यांचा संसार झाला. तेवीस नर डिंकापासून वाचले. साहेबांना शोध आणि बंगलोर मिळाले. आपणास ऊस मिळाला. चांदभाईला सुवाच्य अक्षराबद्दल शाबासकी मिळाली. भरले ते दोघींनी : सात नंबरने, जी आठवडाभर हाका मारून कोणाचीच झाली नाही, आणि अर्जदाराने, जिने सगळ्यांची जमवून दिली आणि स्वतःची बसायची जागा घालवली. सात नंबर वारली. अर्जदार हयात आहे. दोघींपैकी एकीची भरपाई अजून करता येण्यासारखी आहे.

गोणपाटाविना उभी, आपली नम्र,

छबूबाई भ्रतार सहादेव दुशिंग
यांची निशाणी, डाव्या हाताचा अंगठा

लिहिणार : गोरक्ष काशिनाथ म्हसे, आंबेदरा (बोलणे बाईंचे, ऱ्हस्वदीर्घ माझे)

दिनांक : ३ डिसेंबर १९७३

सोबत :
१) नोटीस, मूळ.
२) अहवालाची नक्कल, चांदभाईच्या अक्षरात.
३) डबी क्रमांक सात, रिकामी.