बटन कधी बंद करायचं

रांझी, जबलपूर
२१ नोव्हेंबर २०१२

प्रिय हेमलता,

पाकिटावर तुझं एकटीचंच नाव पाहून तू थबकली असशील. लिहिणारा मीच आहे, तुझा सासरा, आणि घरी सगळं ठीक आहे. हे आधी सांगून टाकतो, कारण आपल्याकडे सासऱ्याचं पत्र सुनेला जातं तेव्हा बहुधा कुणीतरी गेलेलं असतं. कुणी गेलेलं नाही. तुझ्या सासूबाईंचा, अनसूयाचा, गुडघा तेवढा कुरकुरतो, तोही थंडीपुरता. तुझ्या आणि मोहनच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यातली तीन तू या घरात काढलीस, बाकीची तिकडे परदेशात, आणि मी तुझ्याशी एक वाक्यही सरळ बोललो नाही. चहा हवा असला तर अनसूयाला सांगायचं, चष्मा सापडत नसला तर मोहनला. माझे वडील वरूडहून इथे नोकरीला आले तेव्हा वरूड आणि जबलपूर एकाच प्रांतात होतं. छप्पन साली राज्यं वेगळी झाली, आम्ही इकडचे झालो, आणि सासऱ्याने सुनेशी तोंडातोंडी बोलू नये ही रीत वडिलांनी तिकडून आणली होती ती घरात तशीच राहिली. मध्ये एका लग्नाला वरूडला गेलो तर तिथे सासरे-सुना समोरासमोर बसून कॅरम खेळत होते. म्हणजे ज्यांची रीत त्यांनी सोडली, आम्ही मात्र लोणच्यासारखी मुरवत ठेवली.

तर विषय तुझ्या गाडीतल्या त्या, चाकं घसरू न देणाऱ्या यंत्राच्या बटनाचा. गाडी खड्ड्यात गेल्यापासून तू चावी हातात घेतलेली नाहीस, अडतीस किलोमीटरवरच्या त्या वृद्धाश्रमातली नर्सची नोकरी नको म्हणून कळवलंस, आणि त्यांनी तरीही दोन जानेवारीपर्यंत जागा राखून ठेवली आहे, हे मला अनसूयाकडून कळलं. तू तिच्याशी फोनवर रडलीस हेही कळलं. बर्फात बस तिकडे जात नाही, म्हणजे गाडी नाही तर नोकरी नाही, एवढा हिशोब मलाही येतो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तुझं तसंच झालं आहे. मी समजूत घालणारा माणूस नाही. चौतीस वर्षं कारखान्यात लष्कराचे ट्रक चालवून पाहायचं काम केलं, तेव्हा मला जे येतं तेच सांगतो.

बर्फ मी एकदाच पाहिलं, शहाऐंशी साली. आमचे दोन ट्रक हिवाळ्यात लडाखला नेऊन तपासायचे होते. माझ्याबरोबर विठोबा नावाचा फिटर होता, इथल्याच कांचघर मोहल्ल्यातला. तो पहिल्या दिवशी बर्फ हातात घेऊन खिशात ठेवायला निघाला होता. रांझीच्या रस्त्यावर मी स्वतःला मोठा ड्रायव्हर समजायचो. तिथे दुसऱ्याच सकाळी चढावर ट्रक अडला आणि मी आपली सवयीने ॲक्सिलरेटरवर लात घातली. चाकं गरगरली, खालचं बर्फ घासून घासून काचेसारखं झालं, आणि जो ट्रक वीतभर रुतला होता तो हातभर रुतला. तिथला एक म्हातारा सुभेदार फक्त एवढं म्हणाला की चाक फिरतंय म्हणजे गाडी चालतेय असं नाही. आमच्या ट्रकना तुझ्यासारखं बटन नव्हतं. जे करायचं ते पायाने. दोन महिने मी मोजे घालून, बूट सैल करून, पायाला पुन्हा अक्षरओळख करून दिली.

तुझ्या गाडीत तेच काम ते यंत्र करतं. एखादं चाक नुसतंच फिरायला लागलं की ते त्या चाकाला ब्रेक लावतं आणि इंजिनाचा जोर कमी करतं. म्हणून रोजच्या चालवण्यात, बर्फ असो, पाऊस असो, ते चालूच ठेवायचं. समोरचा पिवळा दिवा लुकलुकला तर घाबरायचं नाही, ते आपलं काम करत आहे. आपण पाय हलका करायचा, बस. बंद करायचं ते एकाच वेळी, गाडी खोल बर्फात रुतली आणि निघेना तेव्हा. कारण अशा वेळी ते इंजिनाचा जोर इतका मारतं की गाडी जागची हलत नाही. तेव्हा आधी उतरून मागच्या धुराड्यापुढचं बर्फ काढ, नाहीतर धूर आत येतो. चाकांपुढचंही काढ. मग बटन बंद, स्टिअरिंग सरळ, आणि हळूहळू थोडं पुढे, थोडं मागे, पाळणा हलवावा तशी गाडी हलवायची. चार-पाच वेळांत निघाली तर निघाली, नाहीतर मदत बोलवायची, इंजिन जाळायचं नाही. आणि निघाली की लगेच, रस्त्याला लागायच्या आधी, बटन पुन्हा चालू. आणखी एक. ते यंत्र गाडी पुढे न्यायला मदत करतं, थांबवायला नाही. ब्रेक लांबूनच लावायचा, वळणावर वेग आधीच उतरवायचा. बटनाच्या भरवशावर कुणी शूर होऊ नये.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. तुझ्या गाडीचं पुस्तक मोहनने ईमेलवर पाठवलं होतं, ते छापून आणून शब्दकोश घेऊन बसलो, पण कागदावर माझा विश्वास बसत नाही. शेजारच्या भय्यासाहेबांनी दसऱ्याला मोठी गाडी घेतली, तिला हे बटन आहे. त्यांचा इथून जवळच्या पाटनला धान्याचा व्यापार. गेल्या आठवड्यात त्यांच्याबरोबर गेलो, आणि वाटाण्याच्या शेताला पाणी सोडलं होतं त्या कडेच्या काळ्या चिखलात त्यांची गाडी मुद्दाम घातली. बटन चालू असताना ती रुसून बसली, जोरच घेईना. बंद केलं, पुढे-मागे हलवली, निघाली. चिखल म्हणजे बर्फ नव्हे, पण चाकाला दोन्ही सारखेच निसरडे. तीनदा करून पाहिलं. भय्यासाहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, गाडी धुवायला मात्र मलाच बोलावलं.

आता जे लिहायला तीन दिवस टाळलं ते लिहितो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मोहनचा फोन होता. तू मागे स्वयंपाकघरात होतीस, भांड्यांचा आवाज येत होता. तू त्याला म्हणालीस की मामाजींना विचारा, बर्फात ते बटन कधी वापरायचं. तुझा प्रश्न मला स्पष्ट ऐकू आला. तरी मी तो मोहनने विचारेपर्यंत थांबलो, रीतीप्रमाणे. मग त्याला सगळं सांगितलं, रुतली तरच बंद, निघाली की चालू. त्याचं अर्धं लक्ष टीव्हीवर होतं. त्याने वळून तुला सांगितलं, "बाबा म्हणून राहिले, बर्फात ते बटन बंद ठेवायचं." मी हे ऐकलं, हेमलता. फोन कानालाच होता. त्याच क्षणी मोठ्याने तुला हाक मारून चूक सुधारता आली असती, पण तोंडावर नऊ वर्षांचं कुलूप होतं. पुढच्या रविवारी मोहनला नीट समजावू असं म्हणून मी पोह्यांकडे वळलो. गुरुवारी तू बटन बंद ठेवून निघालीस, कारण सासऱ्यांनी सांगितलं होतं. वळणावर चाकं सुटली आणि तू चाळीस मिनिटं त्या खड्ड्यात एकटी बसलीस. हे कळल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. तू मला विचारलंस, दुसऱ्या कुणाला नाही, आणि मी तुला चुकीचं उत्तर जाऊ दिलं. याची मला लाज वाटते.

मोहन म्हणतो तुला गाडी जमत नाही. तू बटनाचं नाव काढलंस तेव्हा तो हसून म्हणाला म्हणे, नाचता येईना अंगण वाकडं. तुझ्या पायात काही खोट नाही. नवशिक्या माणसाने निसरड्यावर घसरून गाडी खड्ड्यात सरळ उभी ठेवली, उलटू दिली नाही, हे मी कारखान्यात असतो तर पासच केलं असतं.

काल सकाळी त्याचा पुन्हा फोन आला. रविवार नव्हता, म्हणून मी दचकलो. म्हणाला, "बाबा, तुम्ही एक चिठ्ठी लिहून द्या ना, गाडी सोड म्हणून. तुमचं ती टाळणार नाही." त्याचं वाईट नाही, तो घाबरला आहे, पण त्याला ठाऊक आहे की माझ्या नावाने सांगितलेलं तू एकदा मुकाट ऐकलं होतंस. मी हो म्हणालो, लिहितो म्हणालो. ती चिठ्ठी ही. तो विचारेल काय लिहिलंय, आणि त्याला माझं अक्षर लागत नाही, तेव्हा तूच वाचून दाखव, सगळं, टीव्ही बंद करून. त्या रविवारचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही, माझी हिंमत झाली नाही. ते त्याला तुझ्या तोंडून कळू दे. आणि दोन तारखेला तू कामावर जा.

तुझे,
मामाजी