चाडं आपलं आन

बाबा, तुमची पेरणीची तिफण परवा परदेशी गेली. खरी नव्हे, तिची लाकडं मायने केव्हाच चुलीत घातली. पण माझ्या मनात ती इतकी वर्षं राळेगावच्या आपल्या गोठ्यात आडवी पडून होती, आणि तिथूनच मी ती उचलली. ऐकून तुम्ही नक्की म्हणाला असता, "लय वस्ताद झाली व तू, बाई!"

मी काय काम करते, हे तुम्हाला कधी नीट सांगताच आलं नाही. कॉम्प्युटर ज्याच्या जिवावर चालतो ती मुळातली प्रणाली आम्ही पुण्यात बनवतो, आणि तिच्यातली माहिती भलत्याला वाचता येऊ नये म्हणून लागणारं कुलूप माझ्याकडे असतं. गंमत अशी, की मजबूत कुलूप देशाबाहेर विकायचं म्हटलं की कायदा त्याला बंदुकीच्या पंगतीला बसवतो. परवानगी येईपर्यंत माल अडकून. साहेब म्हणाले, लेचंपेचं कुलूप घालून पाठवून द्या. बाहेरचं आमचं पहिलं गिऱ्हाईक एक दवाखाना होता. लोकांची दुखणीखुपणी असल्या कुलपामागे ठेवायची, हे माझ्या जिवावर आलं. मी नाही म्हणून बसले.

मग तिफण आठवली. मागेल त्याला तुम्ही ती द्यायचात, पण वरचं चाडं, मूठ धरून बी सोडायचा तो लाकडी वाडगा, काढून घरात ठेवायचात. पेरणीचे दिवस आहेत, शेजारचे काका दारात उभे आहेत, त्यांचे बैल खोळंबलेत आणि तुम्ही म्हणताय, "तिफन ने गा, पन चाडं आपलं आन." "काहून? मी काय खातो तुह्यं चाडं?" "आन म्हटलं ना आपलं!" काका पुटपुटत जातात आणि आपलं चाडं आणून बसवतात. मी ओट्यावर अभ्यासाचं पुस्तक उलटं धरून हे सगळं बघते आहे.

तेच मी केलं. कुलूप काढून घेतलं, नुसती जागा ठेवली. माल जिथे जाईल तिथल्यांनी आपल्याच देशात बनलेलं पक्कं कुलूप आणून बसवावं. पण आमच्याकडे कायदा बघणाऱ्या बाई माझ्याहून खमक्या. म्हणाल्या, "जागा कुलपाच्याच मापाची असेल, तर तीही कुलपातच मोजतात." झालं, सगळं केलंसवरलं पाण्यात! मग पुन्हा तुमच्या तिफणीकडेच गेले. चाड्याखालच्या नळीला कुठे ठाऊक असतं, वरून ज्वारी पडतेय की तूर? मी ती जागा तशीच केली. माहिती आत जाईल, तिच्यावर काहीतरी काम होऊन परत येईल. कोणी तिथे माहिती आवळून लहान करणारं काही बसवेल, कोणी चुका शोधणारं, कोणी कुलूप. बाईंनी पुन्हा पुन्हा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आता जाऊ दे."

परवा दवाखान्याने आपलं कुलूप बसवलं, चांगलं भक्कम. मला इतका आनंद झाला की मी पेढे वाटले आणि भर बैठकीत तुमचं तत्त्वज्ञान सांगितलं: अवजार सगळ्यांचं, मूठ ज्याची त्याची. टाळ्या पडल्या, बाबा, तुमच्यासाठी!

संध्याकाळी हे मायला फोनवर सांगितलं. तिला हसू आवरेना. "तत्त्वज्ञान कायचं व, बाई! फुटलं होतं आपलं चाडं. माह्या लुगड्याच्या काठानं बांधून ठेवलं होतं. लोकाइले दाखवाची लाज वाटे तुह्या बापाले."

मीही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तुम्ही इथे असायला हवे होतात, एवढंच वाटत राहिलं. हे पत्र कुठे टाकणार? खणात राहील, आणि त्या खणाला साधं कुलूपही नाही. एक मात्र तुम्हाला सांगून टाकते. ऑफिसात मी खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. चाडं घरातच ठेवलंय, बाबा.