खालच्या जबड्यासाठी ठेवलेली ठेव

मी, चाळीस वर्षे दातांच्या कवळ्या करून पोट भरलेला माणूस, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाचेही न ऐकता लिहीत आहे. न ऐकण्याची सवय जुनीच आहे.

कलम १. राहते घर माझ्या पश्चात पत्नीचे. तिच्यानंतर मुलगा व मुलगी यांनी निम्मे निम्मे घ्यावे. भांडायचेच असेल तर बाहेर जाऊन भांडावे.

कलम २. साचे, चिमटे व पॉलिशचे यंत्र माझ्या हाताखाली शिकलेल्या दुकानातल्या मदतनीस पोरीला. माझ्याच दुकानासमोर दुकान थाटणाऱ्या जुन्या भागीदाराला काहीही नाही. मोडका चिमटासुद्धा नाही.

कलम ३. बँकेतील मुदत ठेव पत्नीच्या खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवण्यासाठीच वापरावी. कारण लिहून ठेवतो. तिची कवळी मी स्वतः केली. "बसतेय ना?" विचारले की ती म्हणायची, "झकास!" इम्प्लांटचा विषय निघाला की मी म्हणायचो, हाडाला भोकं पाडून पैसे उकळायचे धंदे. अकरा वर्षांनी, गेल्या महिन्यात, दुपारी चष्मा शोधत स्वयंपाकघरात गेलो. ती कवळी वाटीत काढून कुस्करलेला भात एकटीच खात होती. आमच्या पंगतीला ती नुसती ताट चिवडत बसायची, माझ्या कामाला नाव ठेवायला नको म्हणून. मला फार लाज वाटली.

मग दातांच्या डॉक्टरीणबाईंना गाठले; त्यांनी इम्प्लांटच्या दोन्ही बाजू सांगितल्या. खर्च मोठा, छोटी शस्त्रक्रिया, हाड धरायला तीन-चार महिने, रोजची सफाई, आणि हाडात रोवलेला खुंट क्वचित धरतही नाही. पण धरला तर कवळी हलत नाही, नीट चावता येते, तिथले हाडही कमी झिजते. खाली दोन खुंट पुरतात, कवळी त्यांवर अडकते.

मुलगा म्हणाला, "बाबा, या वयात एवढा खर्च कशाला?" त्याला कळवावे की त्याच्या आईला जेवायचे आहे ते याच वयात.

दुरुस्ती. वरील मजकूर पत्नीस वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुम्ही गेल्यावर दात बसवून मी जेवू कोणाबरोबर?"

सबब कलम ३ रद्द. ठेव आज सकाळी मोडली. गुरुवारी अकराची वेळ घेतली आहे. वारसांनी त्या पैशांची वाट पाहू नये.

सही: कवळीवाला
साक्षीदार: १. शेजारचे घड्याळजी
२. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई
ठिकाण: राहत्या घरची पुढची खोली
दिनांक: ३ मार्च २०२६, मंगळवार