बटणासमोरचं बटण

४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

तू निवडणुकीला अपक्ष उभा राहतोयस, हे मावशीकडून कळलं. तुला उभं राहायची हौस, आणि मी इथे कपड्यांच्या चेनच्या कारखान्यात दिवसभर उभी राहून गुडघ्यांची वाट लावून घेतलीय. डॉक्टर म्हणाले, बसून काम करा, नाहीतर काम सोडा. आमच्या युनियनने संप करून स्टूल मागितलं, तर मालकाने सबंध खात्याला मिळून एक दिलं. त्यावर सुपरवायझर बसतो.

उभ्याने काम करणाऱ्या प्रत्येकाला बसायला मिळेल असा कायदा करू, असं कामगार पक्षाने सांगितलंय. संपाने एक मालक वाकतो, तोही आपली पाठ फिरली की परत ताठ होतो. सगळ्यांना एकदम वाकवायला कायदाच लागतो, आणि त्यासाठी आपलं माणूस आत बसावं लागतं. तुझी बटणवाल्यांची युनियन आणि आमची चेनवाल्यांची एक झाली, तर सुई चिन्हावर उभ्या असलेल्या पक्षाच्या शिंपीणबाई नक्की निवडून येतात. नाहीतर तुमच्या मालकाचा जावई येतो. त्याला उभं राहून दमलेलं माणूस म्हणजे काय, ते ठाऊकच नाही.

लोभ असू दे, पण त्याआधी डोकं ताळ्यावर असू दे.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

शिंपीणबाईंचं जाकीट तू पाहिलंस का? गळ्यापर्यंत चेन. शोभेलासुद्धा एक बटण नाही. जिला बटणाची गरज वाटत नाही, तिला बटणवाल्यांची काय वाटणार? हा मुद्दा मी युनियनच्या बैठकीत मांडला, तेव्हा भोकं पाडणाऱ्या खात्याने टाळ्या वाजवल्या. शिवाय चेन ऐन वेळी अडकते. माझ्या लग्नात काय झालं ते तुला आठवत असेलच.

मी चिन्ह घेतलंय बटण आणि घोषणा केलीय ‘बटणासमोरचं बटण दाबा’. त्यात जरा घोळ होतो. परवा सरावासाठी खोटं मतदान यंत्र मांडलं, तर आमच्या तपासणी खात्यातल्या बायकांनी त्याची बटणं दाबण्याऐवजी उचकटून पाहिली आणि भोकं नाहीत म्हणून नापास केली.

मालक मात्र मनाने मोठा निघाला. सभेला गोदाम फुकट दिलं, वर ट्रकभर गादीच्या खुर्च्या पाठवल्या. स्वाभिमानाने लढा, म्हणाला. मागच्या रांगेतल्या एका खुर्चीचा हात तुटका होता, पण फुकटच्या खुर्चीला किती नावं ठेवायची?

लोभ असावा, मत तर असावंच.

तुझा धाकटा

१६ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद,

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी आमच्या अपक्षाची सभा होती. हो, चेनवाल्यांतही एक शहाणा उभा आहे. शिंपीणबाईंच्या पिशवीला बटण आहे, ही त्याची तक्रार. त्यालाही आमच्या मालकाने गोदाम दिलं, ट्रकभर खुर्च्या दिल्या आणि स्वाभिमानाने लढायला सांगितलं. गुडघे ठणकत होते म्हणून मी मागे जाऊन बसले. खुर्चीचा हात तुटका होता.

धाकट्या, खुर्च्या त्याच आहेत. कामावर आपल्याला द्यायला ज्यांच्याकडे साधं स्टूल नाही, त्यांच्याकडे आपल्याला एकमेकांविरुद्ध उभं करायला ट्रकभर खुर्च्या आहेत. तिथे मला हसू आलं, आणि घरी आल्यावर रडू आलं. अरे, शर्टाला बटणं लागतात आणि पँटला चेन. एकाच्याच भरवशावर बाहेर पडणाऱ्याला लोक हसतात.

काम सोडायचं की नाही, ते मला आता ठरवावं लागेल.

आशीर्वाद आहेत, रागही आहे.

तुझी ताई

२२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

खुर्च्यांच्या ट्रकवाल्याला सहज विचारलं. तो म्हणाला की एकदा बटणवाले, एकदा चेनवाले, त्याची तर कंबर मोडली. मालकाच्या मोठ्या मनावर मी केलेलं भाषण आठवलं आणि कुठे तोंड लपवू असं झालं.

अर्ज मागे घ्यायची मुदत संपलीय. म्हणून मी आता माझ्याच विरुद्ध प्रचार करतो. घरोघरी सांगतो की हा उमेदवार बिनकामाचा आहे, मी त्याला लहानपणापासून ओळखतो. लोकांना ते लगेच पटतं, याचं जरा वाईट वाटतं. तुमचा अपक्षही माझ्याबरोबर हिंडतो. तो स्वतःला नावं ठेवतो, मी स्वतःला, आणि आमच्यात चांगलीच चुरस आहे. ‘बटणासमोरचं बटण सोडा, सुईसमोरचं बटण दाबा’ ही नवी घोषणा तपासणी खात्याने पास केलीय.

निकालापर्यंत काम सोडू नकोस. तुझे गुडघे माझ्या हट्टापायी गेले, तर मला झोप लागायची नाही.

लोभ असावा. मत मुळीच नको.

तुझा धाकटा

९ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

शिंपीणबाई आल्या. अगदी थोडक्यात आल्या, पण आल्या. पक्षाचं राज्य येतंय.

चेनवाल्यांच्या अपक्षाला शून्य मतं पडली, म्हणून तो मिरवतोय. मला मात्र एक पडलं. ते माझं नाही, मी मोह नको म्हणून डोळे मिटून बटण दाबलं, पण त्याआधी सुई नीट बघून घेतली होती. युनियनने चौकशी समिती नेमलीय आणि तपासणी खात्यावर संशय आहे.

लोभ असावा, आणि काही कळलं तर कळवावं.

तुझा धाकटा

२ सप्टेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद,

हे पत्र मी कामाच्या जागी, जेवणाच्या सुट्टीत, बसून लिहितेय. कायदा झाला आणि काल प्रत्येकीला स्टूल आलं. बसायची सवयच नसल्यामुळे पहिला तासभर आम्ही नुसत्या एकमेकींकडे बघून हसत होतो. शिंपीणबाई बघायला आल्या होत्या. जाकिटाला चेन होतीच, पण गळ्याशी एक बटणही होतं. तुझ्या युनियनने पाठवलंय म्हणे.

आता ती चौकशी बंद कर. मी मत द्यायला आत गेले, सुईसमोर बोट नेलं, आणि खाली तुझं नाव दिसलं. सबंध मतदारसंघात माझा भाऊ कोणालाच नको, असं कसं होऊ देऊ? बोट आपोआप खाली गेलं. महिनाभर तुला एकीचे धडे दिले आणि फुटले मीच. बाई थोडक्यात आल्या हे वाचलं, तेव्हा स्टूल नसतानाही मटकन बसले.

तेव्हा पुन्हा कधी उभा राहू नकोस. सवडीने ये, माझ्याशेजारी बस.

लोभ आहेच. मत यापुढे पक्षालाच.

तुझी ताई