मामांच्या खुर्चीवरचा लॅपटॉप

तीर्थस्वरूप डुआमामांस,

घानातून, आपल्या माम्पाँगहून क्वाकूचा दंडवत. हँबुर्गच्या थंडीत तुमचे गुडघे कसे आहेत? आमचे बरे आहेत. आईच्या अंत्यविधीला दिवसभर उभे राहूनही बरे आहेत, हे मुद्दाम कळवतो.

तुम्ही लिहिलंत, मला यायला जमत नाही, तुझ्या आईचे फोटो दाखवायला लॅपटॉप पाठवतोय, तो माझ्या जागी समज. समजलो. पण मामा, तुमच्या जागी आलेला हा पाहुणा आजारी निघाला. सुरू केला की पडद्यावर हिरवे पट्टे, मग काळोख. त्यात चित्र दाखवणाऱ्या दोन चिप आहेत, एक दांडगी आणि एक गरीब. नेमकी दांडगीच बिघडलेली. (मोठ्या घरांत असं चालायचंच.) मी विंडोज काढून लिनक्स टाकलं, दांडगीला चालवणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे तिच्या ड्रायव्हरला, काळ्या यादीत घातलं आणि सगळा संसार गरिबीवर सोपवला. पट्टे गेले. मी गल्लीभर मिरवून आलो.

शनिवारी मांडवात कळलं, की मोठ्या पडद्याची वायर जोडायची जागा त्या बिघडलेल्या चिपच्याच ताब्यात आहे. लोक म्हणाले, फोटो पेन ड्राइव्हवर घे, चर्चचा लॅपटॉप आणू. मी ऐकलं नाही. तुम्हाला उठवून चर्चवाल्यांना बसवायचं? (बसवायचं म्हणजे अगदी खरंच. पोकुआमावशीने लॅपटॉप तुमच्या खुर्चीवर ठेवला होता. घरच्यांशी रांगेने हात मिळवत येणारी मंडळी त्याच्यापाशी येऊन अडखळत होती. एका म्हाताऱ्याने तर त्याला हात लावून "फार वाईट झालं हो" असं म्हटलंसुद्धा.) शेवटी मी दांडगीला यादीतून बाहेर काढलं. दोनचार फोटो झरझर गेले आणि एकावर सगळं अडकलं ते अडकलंच.

फोटो कोणता? लाल मातीच्या वाटेवर शाळेच्या कपड्यांतली आई, आणि तिच्या पाठीवर कापडाने बांधलेले तुम्ही, नाक गळतंय. संध्याकाळपर्यंत तोच. मावशी सगळ्यांदेखत कडाडली, "हिनं याला पाठीवर वागवलं, आणि हिला खांदा द्यायची वेळ आली तर यानं डबडं पाठवलं!" मी तुमची बाजू घेतली. थंडी, रजा, गुडघे, सगळं सांगितलं. पण समोर एवढं मोठं नाक गळत असताना ते कुणाला पटेना. आईचं लग्न, बाजारातलं तिचं दुकान, म्हातारपणीचं तिचं हसणं, यातलं कुणालाच काही दिसलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

मामींना नमस्कार. गुडघ्यांना जपा.

तुमचा भाचा,
क्वाकू

ता. क. लॅपटॉप पुन्हा गरिबीवर आणलाय, उत्तम चालतो. दुसरा पाठवू नका.

आणखी एक ता. क. खरं तर बटण दाबून तो बंद करता आला असता, चर्चचाही आणता आला असता. पण तुम्ही दोघं एकत्र दिसत होतात. माझा हात होईना.

शेवटचा ता. क. ती वाट कुठली, असं सगळे विचारत होते. मावशी तेव्हा जन्मलीही नव्हती; सांगणारे आता तुम्हीच उरलात. वर्षाच्या कार्याला तुमची खुर्ची मांडतो. या वेळी तिच्यावर काही ठेवणार नाही.